लंगडेमुक्त जंगलातली पदवी

फार लांब नसलेल्या एका जंगलात कायदे भरपूर होते आणि झाडे बेताची. तिथे प्रचंडसेन नावाचा वाघ राज्य करत असे. महाराज रीतसर निवडणूक लढवत आणि दर वेळी बिनविरोध निवडून येत. एकदा एका हरणाने विरोधात अर्ज भरला होता. हरीण चवीला चांगले निघाले.

परक्या प्राण्यांपासून रक्षण व्हावे म्हणून महाराजांनी जंगलभर सापळे लावले होते. परका प्राणी त्यांत कधी सापडला नाही, कारण या जंगलात यायची कुणाला हौस नव्हती. सापडायचे ते इथलेच. भिवबा साळिंदर असाच एका सकाळी कंद उकरायला गेला आणि पुढचा उजवा पाय सापळ्यात ठेवून घरी आला.

साळिंदराचा पुढचा पाय म्हणजे त्याची कुदळ. बीळ खणायचे त्यानेच आणि कंद उकरायचा त्यानेच. आता भिवबा दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसे आणि लेकीने आणलेले खाई. लेकीचे नाव मृदुला. साळिंदराच्या पोरीचे नाव मृदुला ठेवणारा बाप मुळात गमत्या होता. तो बोलेनासा झाला, हे तिला सोसवेना.

"बाबा, मी तुम्हाला पाय करून देते," ती म्हणाली. तिने बांबूचा एक पाय तासलाही. पण अवयव अभियांत्रिकीची पदवी नसताना पाय बसवला तर शिक्षा होती. सापळे लावायला पदवी लागत नसे.

मग मृदुलाने सरकारी महाविद्यालयात नाव घातले. तिथे प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळे. दर सत्राला त्याच्याकडे जायचे, पळसाच्या पानावर विषय लिहून घ्यायचे आणि खाली त्याच्या पायाचा ठसा घ्यायचा. ठशाशिवाय वर्गात बसू देत नसत. मृदुलाच्या वाट्याला बगळे सर आले. ते तळ्याकाठी एका पायावर उभे असत. दुसरा पाय पोटाशी असे, तो फक्त ठसा मारायला खाली येई.

"एकशे अठ्ठावीस श्रेयांक लागतात," सर म्हणाले. "सक्तीचे विषय नीट ऐक. हाडे आणि सांधे, चार. लाकूड आणि वेत, चार. महाराजांच्या पंजाचा गौरवशाली इतिहास, चाळीस."

"चाळीस?"

"इतिहास मोठा आहे, अगं."

"पण सर, मी प्रवेश घेतला तेव्हा बारा होते. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीचे नियम लागू होतात ना?"

"होतात की. ते पान घेऊन ये."

पान कुलसचिव शेळीबाईंच्या ताब्यात होते. बाई जुनी कागदपत्रे वेळच्या वेळी खाऊन टाकत. त्यांच्याइतके स्वच्छ कार्यालय साऱ्या जंगलात नव्हते.

मृदुलाने चाळीस केले. शरीरशास्त्राला फक्त महाराजांचे शरीर होते आणि त्याकडे वर बघायला मनाई होती, तरी तिने त्यात पहिला वर्ग मिळवला. चार वर्षांनी शेवटचे सहा श्रेयांक उरले. विषय होता प्रत्यक्ष काम. एका लंगड्या प्राण्याला पाय बसवायचा. प्राणी लंगडा होता आणि विद्यार्थ्याने त्याला पाय बसवला, असे सरकारी शिक्क्याचे लेखी प्रमाण आणायचे. तेवढे झाले की पदवीचे पान पूर्ण. मृदुला आनंदाने घरी पळाली. तिचा रुग्ण घरातच होता.

त्याच आठवड्यात महाराजांची सभा झाली.

"माझ्या जिवाभावाच्या चतुष्पादांनो!" महाराज गरजले. "आधीच्या राजांनी तुम्हाला काय दिले? लंगडे दिले! मी आज छातीठोकपणे सांगतो, आपले जंगल लंगडेमुक्त झाले आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी वाजवायला पुढचे दोन पाय लागतात, म्हणून भिवबा नुसताच बघत राहिला. शेजारच्या कोल्ह्याने त्याचे नाव लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी मृदुला तळ्यावर गेली तर बगळे सर दोन्ही पायांवर उभे. एका पायावर दिसलो तर कुणी भलताच अर्थ काढेल, ही धास्ती. सवय नसल्यामुळे गुडघे लटपटत होते.

"सर, बाबांना घेऊन येऊ? प्रत्यक्ष कामासाठी?"

"तुझे बाबा लंगडे नाहीत."

"अहो सर, तीनच पाय आहेत त्यांना!"

"कालपर्यंत लंगडे होते. आता जंगलात लंगडा कुणी नाही. मग रुग्ण नाही. रुग्ण नाही तर प्रत्यक्ष काम नाही, आणि त्याशिवाय पदवी नाही."

"मग तो विषयच काढून टाका."

"सक्तीचा आहे. काढता येत नाही. माझं ऐक, शाखा बदल. शेपूट व्यवस्थापनाला जागा रिकाम्या आहेत."

"सर, तुमचेच पाय दुखतायत."

"मला नोकरी आहे," सर म्हणाले आणि पाण्याकडे बघू लागले.

मला बगळे सरांचा संताप येतो. पण घरट्यात त्यांची चार पिल्ले होती, हेही सांगायला हवे.

पुढे महिनाभराने महाराज शिकारीला निघाले आणि आपल्याच एका सापळ्यात पुढचा पंजा देऊन बसले. दरबार हादरला. जंगलात लंगडा नाही, हे तर जाहीर झालेले. महाराजांचे शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती. तीन दिवस समिती बसली आणि चौथ्या दिवशी महाराजांनी पालखीतून भाषण केले.

"चार पायांवर चालणे ही परक्यांची चाल आहे! आपले पूर्वज तीन पायांवर चालत! उद्यापासून प्रत्येकाने एक पाय उचलून धरावा!"

प्रत्येकाने उचलला. हत्तींनी आज्ञा पाळली त्या दिवशी सात घरे जमीनदोस्त झाली. गोमेने कोणता पाय उचलावा, ही फाइल अजून विचाराधीन आहे. बगळे सरांना तेवढे बरे वाटले.

भिवबाला तर आदर्श नागरिकाचा पुरस्कार मिळाला. तीन पायांचा सराव त्याच्याइतका कुणालाच नव्हता. मंत्री उड्या मारत बिळापर्यंत आले आणि हार घालून गेले. भिवबा बराच वेळ हाराकडे बघत बसला. मग किती तरी वर्षांनी तो आपणहून बोलला.

"मृदे, या हारानं खणता येतं का गं?"

मृदुला आत गेली आणि बांबूचा पाय घेऊन आली. तिने वेताचे पट्टे स्वतःचा काटा उपटून शिवले आणि पाय बसवला. भिवबाने तो जमिनीवर टेकला. उचलला, परत टेकला. मग त्याने खणायला सुरुवात केली ती थांबेचना. माती लेकीच्या अंगावर उडत होती आणि बापलेक दोघेही हसत होते, रडतही होते.

तिला धरायला निघालेल्या कोल्ह्यांना, तीन पायांवर असल्यामुळे, पोचायला दुपार झाली. ती पळाली नाही. तिला तुरुंगात टाकले आणि हातात आरोपपत्र दिले.

संध्याकाळच्या आत बगळे सर तुरुंगात आले. त्यांनी आरोपपत्र मागून घेतले आणि वर्गात वाचत तसे मोठ्याने वाचले. "आरोपी मृदुला हिने लंगड्या भिवबास, पदवी नसताना, पाय बसवला. पाय घट्ट बसल्याची सरकारने खातरी केली आहे." खाली राजमुद्रा होती.

सरांनी तेच पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी पंखाखालून मृदुलाचे पळसाचे पान काढले.

"प्राणी लंगडा होता, पाय तूच बसवलास, सरकारी शिक्का आहे," ते म्हणाले. "नियमात आणखी काही मागितलेलं नाही."

"सर, तुमची नोकरी..."

"गप्प बस. मी तुझा मार्गदर्शक आहे." आणि त्यांनी पहारेकऱ्यांच्या देखत दुसरा पाय खाली टेकून ठसा मारला. सहा श्रेयांक. एकशे अठ्ठावीस पुरे झाले.

दरबाराची पंचाईत झाली. आरोपपत्र खरे म्हणावे, तर जंगलात लंगडा होता. खोटे म्हणावे, तर पदवी बुडते, पण पोर सुटते. त्यातून निवडणूक तोंडावर आलेली आणि उड्या मारून मारून प्रजेचे कंबरडे मोडलेले. अखेर महाराजांनीच तोडगा काढला. तीन पायांची सक्ती उठली आणि भिवबाला मिळालेला पाय हा महाराजांच्या नव्या 'चौथा पाय' योजनेतला पहिला पाय ठरला. योजना सरकारी होती, म्हणून तिच्यातले काम परस्पर केल्याचा नवा गुन्हा मृदुलावर लागला आणि ती तुरुंगातच राहिली. बगळे सरांची बदली वाळवंटात झाली.

तुरुंगाच्या भिंतीला लागून भला मोठा फलक उभा राहिला. त्यावर महाराजांचे तोंड हत्तीएवढे होते. कोपऱ्यात बांबूच्या पायासह भिवबाचे चित्र होते आणि खाली 'लाभार्थी' असे लिहिले होते. खरा भिवबाही रोज तिथे यायचा. पहारेकरी त्याला ओळखत, चित्राकडे बघून सलाम ठोकत आणि दारापाशी परत जात. मग भिवबा फलकाच्या मागे जाई, भिंतीच्या पायथ्याशी बसे आणि खणायला लागे.

लाभार्थी योजनेचा पुरेपूर लाभ घेत होता.