पाटलांच्या बंडीतला भोवरा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की माझ्या पणजीनेही ती नुसती ऐकलेली होती. लहानांनो, पुढे सरकून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर अजिबात उठू नका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक भारी कामसू गाव होतं. तिथे दोन माणसं भेटली की एकाने विचारायचं, "काय कामात?" आणि दुसऱ्याने म्हणायचं, "मान वर करायला फुरसत नाही!" बस्स, झाला रामराम. वेशीपाशी एक मोठा सपाट काळा दगड होता. एखादं मोठं माणूस शीळ घालताना किंवा उगाच चित्रं काढताना सापडलं, की त्याला दिवसभर त्या दगडावर बसवायचे आणि येणारेजाणारे त्याला हसायचे. हा नियम खुद्द पाटलांनी केला होता.

आणि गंमत ऐका! या पाटलांच्या बंडीच्या खिशात कायम एक लाकडी भोवरा असायचा. रोज दुपारी "गोठ्यावर नजर टाकून येतो" म्हणून ते निघायचे, गोठ्याचं दार आतून लावायचे आणि म्हशींसमोर भोवरा फिरवायचे. पन्नाशी उलटलेला माणूस! हे फक्त पाटलीणबाईंना ठाऊक होतं, आणि म्हशींना.

एका वर्षी गावाच्या सगळ्या विहिरी आटल्या. पाणी उरलं ते डोंगरावरच्या झऱ्यात, आणि तो झरा होता तिथल्या म्हाताऱ्या राणीचा. पाटील हात जोडून तिच्यापुढे उभे राहिले.

राणी म्हणाली, "पाणी देते की! पण निव्वळ आवडीपायी काहीतरी करणारं एक तरी मोठं माणूस मला तुमच्या गावात दाखवा. नाहीतर माझं गोड पाणी तुम्ही उभ्या-उभ्या घशात ओताल, चवसुद्धा कळायची नाही. आठ दिवसांनी येते मी."

मग काय विचारता! गावात एकच धांदल उडाली. पाटलांनी दवंडी पिटवली, "आठ दिवसांत प्रत्येकाने एक छंद लावून घ्यावा, कुचराई चालणार नाही!" कुंभाराला बासरी मिळाली. न्हाव्याला कोरड्या नदीतले गोटे जमवायला धाडलं. शिंपीणबाईंच्या वाट्याला गाणं आलं, तर त्या पहाटेपासून कपाळाला आठ्या घालून गाऊ लागल्या. छंदांवर देखरेख करायला दोन मुकादम नेमले.

पाटलांच्या मनात रोज यायचं, आपला भोवरा दाखवावा का? पण त्या दगडावर आपणच बसवलेली माणसं त्यांना आठवायची, आणि हात खिशातच राहायचा.

आठव्या दिवशी राणीची पालखी वेशीत उतरली. सगळं गाव तिथेच घाम पुसत छंद करत बसलं होतं. राणी प्रत्येकापाशी थांबून एकच प्रश्न विचारत होती, "मी येणार नसते, तर आज हे केलं असतंस?"

कुंभाराने बासरी खाली ठेवली. "खोटं कशाला बोलू राणीसाहेब? भट्टी लावली असती."

"या गोट्यांनी माझी कंबर मोडली," न्हावी म्हणाला. शिंपीणबाईंना तर गाणं थांबवायला मिळालं याचंच हायसं वाटलं.

राणीने हळहळत मान हलवली आणि ती पालखीकडे वळली. बाया रिकाम्या घागरी घेऊन नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात पाटलीणबाई नवऱ्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अहो, तुमची इज्जत काय घागरीत भरून पिणार आहोत आम्ही?"

पाटलांनी पगडी काढून बायकोच्या हातात दिली. "राणीसाहेब, थांबा!" असं ओरडत ते त्या काळ्या दगडापाशी धावले. घाईघाईने त्यांनी भोवऱ्याला दोरी गुंडाळली आणि भोवरा फेकला. तो आडवाच पडला! कोणीतरी फिस्सकन हसलं.

पाटलांनी पुन्हा दोरी गुंडाळली. या वेळी दगडावर भोवरा असा काही घुमला, की बघतच राहावं! पाटील राणीला विसरले, पगडीला विसरले. जिभेचं टोक दातांत धरून त्यांनी गरगरता भोवरा अलगद तळहातावर उचलला आणि खदखदून हसले.

राणीने विचारलं, "मी येणार नसते, तर आज हे केलं असतंत?"

"आज?" पाटील उद्गारले. "राणीसाहेब, तुम्ही आलात म्हणून तर आज दुपारचं राहून गेलं!"

राणी इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटील मात्र गर्दीतल्या म्हाताऱ्या तेल्याकडे गेले. "शीळ घातलीस म्हणून तुला मी या दगडावर बसवलं होतं. माझं चुकलं रे." तेल्याने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ ओले केले आणि मोठ्या आनंदाने शीळ घातली.

त्याच संध्याकाळी पाटातून झऱ्याचं पाणी गावात आलं. सगळे काठावर बसून ते सावकाश प्यायले. काळा दगड अजून तिथेच आहे म्हणतात, भोवरे फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला. आणि त्या गावात आता दोन माणसं भेटली, की आधी विचारतात, "मग, आज काय खेळलात?"

तेव्हा मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: मोठेपणी छंद सुटतो तो वेळ नाही म्हणून नव्हे, तर लोक हसतील म्हणून, आणि तो सुटला की जगण्यातली गोडीही आटते.