शक्यतो

गटारात माणूस उतरवायला बंदी घालणारं विधेयक सभागृहातून समितीकडे गेलं आणि तिथेच तीन वर्षं मुक्कामाला राहिलं. दर अधिवेशनात समिती मुदतवाढ मागायची आणि ती मिळायचीही. अशातच शेवंताबाईचा सफाई कामगार नवरा मॅनहोलमध्ये गुदमरून गेला, तेव्हा कुठे समितीला तिची साक्ष घ्यावीशी वाटली.

ती आत आली तेव्हा अध्यक्ष बापूसाहेब काजू चघळत दुरुस्ती सांगत होते, "'माणूस उतरवू नये' हे फार कडक होतं. 'शक्यतो उतरवू नये' असं करा. एका शब्दानं काय बिघडतंय?"

शेवंताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सचिवांनी शपथ घ्यायला सांगितली, तशी ती म्हणाली, "देवाशपथ, मी शक्यतो खरं सांगेन."

बापूसाहेब कडाडले, "बाई, शपथेत शक्यतो चालत नाही! त्या एका शब्दानं शपथेचा जीवच जातो!"

"शपथेचा जीव जातो ना साहेब? मग गटारातल्या माणसाचा जाणार नाही?"

बापूसाहेबांनी हातातला काजू खाली ठेवला आणि सचिवांना खूण केली. सचिवांनी मसुद्यातला तो शब्द खोडला. खोडलेला कागद शेवंताबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मगच शपथ घेतली, बिनशक्यतोची.