पाचवी बी

या डोंगरावर माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. झिपरी खारीनं धनेश पक्ष्याकडून ढोली घेतली. मोबदल्यात रोज चार बिया द्यायच्या, बारा पावसाळे. झिपरी रोज पाच द्यायची.

तसाच करार केलेली शेजारीण म्हणाली, "अगं, पाचवी बी माझ्यासारखी पुरून ठेव. अडीअडचणीला होईल."

"कुठं पुरली ते आपण खारी विसरतो," झिपरी म्हणाली. "धनेशकाका विसरत नाहीत."

दहाव्या पावसाळ्यात धनेश म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

झिपरीनं घाबरून विचारलं, "ढोली काढून घेताय?"

"नाही गं. रोजच्या पाचव्या बीमुळं सगळं आधीच फिटलं. ढोली तुझी."

दुसऱ्या दिवशी पाचही बिया झिपरीच्या पिल्लांनी खाल्ल्या. खाली शेजारीण पुरलेल्या बिया शोधत जमीन उकरत होती.