नावाचा दगड

जंगल तोडून प्राण्यांनी नगर वसवलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. सावली म्हणून कुठे उरली नव्हती. मग घरटी मूठभर दाणे गोळा करून सभेने शंभर रोपं लावायचं ठरवलं. काम मोराकडे गेलं. त्याने मांडव घातला, ढोल आणले आणि प्रत्येक रोपापाशी स्वतःचं नाव कोरलेला दगड रोवला.

रोपं वाहून आणणाऱ्या गाढवाने भीतभीत विचारलं, "मोरसाहेब, पाणी कोण घालणार?"

"ठराव रोपं लावायचा झालाय," मोर म्हणाला. "पाण्याचं त्यात काही नाही."

उन्हाळ्यात रोपं वाळली. पुढच्या वर्षी पुन्हा दाणे, पुन्हा ढोल, त्याच खड्ड्यांत नवी रोपं. गाढवाला ते बघवेना. नदीवरून पाणी आणताना ते रोज एक पखाल जास्तीची भरायचं आणि वाटेवरच्या एका कडुनिंबाला घालायचं. शंभरांना आपण कुठे पुरणार, हे त्याला ठाऊक होतं.

पाचव्या वर्षी ऊन इतकं तापलं, की सभा त्याच कडुनिंबाखाली भरवावी लागली. सगळे दाटीवाटीने बसले. सभेचा प्रमुख हत्ती खूश होऊन म्हणाला, "वा, मोरा! पण इथे तुझ्या नावाचा दगड कसा दिसत नाही?"

मोराने गाढवाकडे डोळे वटारून पाहिलं.

"आहे की, साहेब," गाढव म्हणालं. "पाणी वाहून जात होतं, म्हणून आळ्याला आडवा लावलाय. बाकीचे नव्याण्णव उभेच आहेत, तिकडे उन्हात."