राजाची गाठ, राणीची सूज आणि मंदारिकेचा तीळ

एका राज्यात वज्रबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची राणी कुमुदिनी शहाणी, कन्या मंदारिका धीट. प्रजा इतकी सुखी, की चोरसुद्धा कंटाळून शेती करू लागले होते.

धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकाला ते राज्य हवे होते. भर दरबारात येऊन त्याने तीन फुंकरी मारल्या. राजाच्या मानेवर गाठ आली. राणीच्या मनगटावर निळी सूज आली आणि नाडीसारखी उडू लागली. राजकन्येच्या गालावर काळा तीळ उमटला.

"प्रत्येकाचा उतारा वेगळा," मांत्रिक बोलला. "पौर्णिमेपर्यंत तिन्ही उतारे करा. एक जरी चुकला, तर सिंहासन माझे."

लिंबाएवढी गाठ वाढत वाढत नारळाएवढी झाली. राजाची मान वाकली, मुकुट डोक्यावर ठरेना. एका वैद्याने राणीच्या सुजेला सुई लावली, तर रक्ताची चिळकांडी छताला लागली. मग कोणी हात लावायला धजेना.

तेव्हा राजकन्येच्या खिडकीत एक नीळकंठ पक्षी येऊन बसला.

"राजकन्ये, धुक्याच्या डोंगरापलीकडे तपती नावाची शल्यविशारदा राहते. माझा मोडका पंख तिनेच सांधला. चल, वाट दाखवतो."

तपतीने सारे ऐकून घेतले. "येईन," ती म्हणाली. "पण माझे शस्त्र झिजले आहे आणि दोरा संपला आहे. गुहेतल्या महासर्पाचा दात आण, कोळीराणीचा धागा आण, आणि काळ्या तळ्याला तुझ्या तिळाविषयी विचारून ये."

महासर्प गुहेत कण्हत पडला होता. "दात हवा? हा दुखरा घे. उपकार होतील." मंदारिकेने त्याच्या जबड्यावर पाय रोवला आणि दात उपटला. सर्पाने सुस्कारा सोडला आणि लगेच झोपी गेला.

कोळीराणी म्हणाली, "धागा देईन. पण माझ्यापाशी बसून कोणी बोलत नाही, सगळे पळतात." मंदारिका दुपार होईतो तिच्याशी गप्पा मारीत बसली. निघताना धाग्याचा गुंडा मिळाला, आणि पुन्हा येण्याचे आमंत्रणही.

तळ्याला तिने विनवले, "माझा डाग धुऊन टाक."

तळे बोलले, "चंद्र रोज माझ्यात उतरतो. त्याचा डाग मी कधी धुतला नाही."

मंदारिका रुसून परतली.

पौर्णिमेच्या दिवशी तपती दरबारात आली. धूम्राक्ष खांबाला टेकून पाहत होता. तपतीने राजाची गाठ चाचपली.

"महाराज, दुखते का?"

"नाही. नुसते ओझे होते."

"मऊ आहे, बोटाखाली सरकते. ही चरबीची गाठ, अख्खी निघेल." गुंगीचा काढा पाजून तिने सर्पदंताने त्वचा चिरली आणि पिवळी गाठ ताटात ठेवली.

राणीची सूज तिने अंगठ्याने दाबली. ती ओसरली, अंगठा काढताच पुन्हा भरली. "हा रक्तवाहिन्यांचा गुंता. याला पाते लावायचे नाही, रक्त पुरवणारी वाट बांधायची." धागा आवळताच सूज सुकत गेली.

"आता माझा तीळ," मंदारिका म्हणाली.

तपतीने निरखून पाहिले. "कड रेखीव, रंग एकसारखा, वाढ नाही. याच्यापासून धोका नाही. पण गाल तुझा, निर्णय तुझा."

"काप ना," धूम्राक्ष गोड आवाजात म्हणाला. "इतक्या देखण्या चेहऱ्यावर डाग कशाला?"

मंदारिकेने सर्पदंत उचलला. पात्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तीळ उमटल्यापासून ती तो झाकतच आली होती. आज तिने तो नीट पाहिला. तळ्याचे बोलणे आता तिला उमगले.

"राहू दे," ती म्हणाली. "मला आवडला."

तिळाचा उतारा हाच होता. तत्क्षणी धूम्राक्षाचा धूर झाला. वाऱ्याची झुळूक आली आणि त्याला खिडकीबाहेर घेऊन गेली. राजाने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, आणि मोठ्याने हसला. मुकुट डोक्यावर ठाम बसला. राणीने स्वतःच्या हाताने तपतीला वाढले. त्या वर्षीपासून राज्यातल्या मुली मेळ्यात गालावर काजळाचा तीळ लावू लागल्या.

राज्य नांदले, कथा संपली. ऐकणाऱ्यांच्या अंगी आरोग्य नांदो.