तुसासकट भात

फार पूर्वीची गोष्ट. लढाया मात्र तेव्हाही आजच्यासारख्याच होत्या. डोंगरापलीकडच्या एका लहान राज्यात सात वर्षं लढाई चालली. ती संपली तेव्हा घरं जळाली होती आणि धान्याच्या कणग्याही.

त्या राज्याची एक रीत होती. प्रत्येक गावाचं बियाणं एका बाईच्या हवाली असे. माणसं उपाशी निजली तरी त्याला हात लावायचा नाही. अशीच एक बाई आपल्या गावात जळक्या कणगीपुढे बसली होती. मृग पंधरा दिवसांवर आला होता आणि पेरायला दाणा नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या श्रीमंत राजाच्या पन्नास गाड्या आल्या. पुढे घोड्यावर प्रधान. पोत्यांत दोनदा कांडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ.

बाईने मूठभर तांदूळ हातावर घेतला आणि परत पोत्यात टाकला. "प्रधानजी, दहा गाड्या उतरवा. बाकीच्या परत न्या आणि तुसासकट भात आणा. निम्मा आणलात तरी चालेल."

प्रधानाचा चेहरा उतरला. "राजाच्या ताटातला तांदूळ आहे हा. तुमच्यासाठी मुद्दाम कांडून आणलाय."

"तेच तर. कांडलेला दाणा उगवत नाही. तुमच्याकडे शेती कोण करतं?"

"कुळं करतात."

"मग त्यांना विचारून यायचं होतं."

गावकरी कुजबुजले. एकजण म्हणाला, "मावशे, मिळतंय ते घे. हे रुसून गेले तर पोरांना काय घालशील?"

"दहा गाड्या पेजेला पुरतील. नुसतं खात बसलास, तर पुढच्या वर्षीही ह्यांचीच वाट बघशील. बघायचीय का?"

तो पोती उतरवायला गेला.

चाळीस गाड्या भरलेल्याच परत गेल्या. आठ दिवस कोणी फिरकलं नाही. गाव पातळ पेज पीत बाईला नावं ठेवत होतं. नवव्या दिवशी वीस गाड्या भात आला. हाकायला राजाची कुळंच होती. बाईचं खरं आहे, हे त्यांनीच राजाला सांगितलं होतं. पेरणी वेळेवर झाली.

दिवाळीच्या सुमारास, आपलं दान कितपत कामी आलं ते पाहायला प्रधान पुन्हा आला. वेशीवर चिटपाखरू नव्हतं. शेतात वाकलेल्या बाईला त्याने विचारलं, "आमच्या स्वागताला कोणीच नाही?"

"कापणी चाललीय. विळा आणलायत का?"

प्रधान घोड्यावरून उतरला. मग त्याने एकाकडे विळा मागितला.

तात्पर्य: देणाऱ्याने आधी विचारावं, आणि घेणाऱ्याने, गाड्या परत जातील ह्या भीतीने, नको ते गोड मानून घेऊ नये.