गोलखांबावरचा हार

एका तालुक्याच्या गावी एकदा एक महाविद्यालय होते आणि त्या महाविद्यालयाचा मुलींचा एक हॉकीसंघ होता. संघ होता म्हणजे जेमतेम संख्या भरेल इतक्या मुली होत्या, काठ्या होत्या आणि मुरमाचे एक मैदान होते. त्या मुली हरत असत. हरणे इतके ठरलेले की स्पर्धेला निघताना शिपाई विचारी, "जेवायला परतच ना?" आणि त्यात त्याची काही कुचेष्टाही नसे.

या संघाला शिकवायला हेमांगी नावाची एक तरुण प्रशिक्षिका आली. ज्यांच्या हाताखाली जिल्ह्यातल्या दोन पिढ्या हॉकी शिकल्या, अशा एका वृद्ध गुरूंची ती शिष्या. गुरू आता निवृत्त होते, गुडघ्यांनी थकले होते. तरी शिष्येचा संघ खेळतो म्हटल्यावर ते प्रत्येक सामन्याला येत आणि सीमारेषेजवळ खुर्ची टाकून बसत. मध्ये कधी बोलत नसत.

आल्या आल्या हेमांगीपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो गोलरक्षिकेचा. गोलात उभे राहायला कोणीच तयार नव्हते. सुसाट येणारा चेंडू अंगावर घ्यायचा, आणि वर अपयशाचे धनी व्हायचे, कोणी सांगितले आहे! शेवटी मागच्या रांगेतून सुगंधा नावाची एक थोराड मुलगी पुढे आली. जवळच्या खेड्यातली, घरी पिठाची गिरणी, लहानपणापासून धान्याची पोती उचलून दंड भरलेले.

"मी राहते उभी, मॅडम," ती म्हणाली. "मला पळता येत नाही. पण मी हलत पण नाही."

मुली हसल्या. हेमांगीही हसली.

पहिल्याच सामन्यात अकरा गोल झाले. तिसऱ्या-चौथ्या गोलानंतर बाकीच्या मुलींच्या माना खाली गेल्या. सुगंधा मात्र प्रत्येक गोलानंतर जाळीत जाई, चेंडू उचली, जर्सीला पुसून मध्यरेषेकडे फेकी आणि ओरडे, "चला गं, अजून वेळ आहे!" अकराव्या गोलानंतरही तिने हेच केले. तेव्हा शिट्टी वाजायला क्षणाचाच अवकाश उरला होता.

सामना संपल्यावर लाजेने काळवंडलेली हेमांगी गुरूंपाशी आली. ते म्हणाले, "संघ आहे हं तुझ्याजवळ." तिला ते सांत्वन वाटले, आणि सांत्वनाचा तिला राग आला.

पण महिने गेले तसा फरक दिसू लागला. सुगंधा गोलातून एकेकीला नावाने हाक मारी: डावीकडे सरक, मागे बघ, सोड तिला, मी आहे. पाठीशी कोणीतरी आहे या भरवशावर बचावातल्या मुली पुढे जाऊ लागल्या. त्या पुढे गेल्या म्हणून मधल्या मुलींना चेंडू मिळू लागला. अकराचे सात झाले, साताचे तीन. एके दिवशी तर विद्यापीठातल्या एका नावाजलेल्या संघाशी बरोबरी झाली. त्या दिवशी मुली रडल्या. बसमध्ये घसा बसेपर्यंत गायल्या. पुढच्या मोसमात संघ गटातून वर आला आणि महाविद्यालयाच्या इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला.

आजवर ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, त्या संघाला मग पाहुणे येऊ लागले. त्यांत संस्थेचे अध्यक्ष होते. तेलाचे मोठे व्यापारी. माणूस दुष्ट नव्हता, पण जगाकडे ते वजनकाट्याच्या मागून पाहत. त्यांनी हेमांगीला बोलावून घेतले.

"मॅडम, कमाल केलीत तुम्ही. आता एक काम करा. शहरातली एक मुलगी यंदा आपल्याकडे आली आहे, निहारिका. राज्याच्या संघातली गोलकीपर. तिला उभी करा."

"शेटजी, आमची गोलकीपर पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून गोल खाते आहे," शेटजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी त्या पोरीला नावं ठेवत नाही. पण तेलाच्या घाण्याला कालपर्यंत बैल होता म्हणून आज मोटर बसवायची नाही का?"

हेमांगीने निहारिकेचा सराव पाहिला. मुलगी खरोखर उत्तम होती. मांजरासारखी चपळ आणि बोलायला साधी. तिच्यापुढे सुगंधा म्हणजे दगडी रांजण. हेमांगीने मनाशी निर्णय घेतला. तो घ्यायला तिला फारसा वेळ लागला नाही. वेळ लागला तो सुगंधाला सांगायला. आज सांगू, उद्या सांगू, करता करता उपांत्य सामन्याचा दिवस उजाडला.

कपडे बदलण्याच्या खोलीत सुगंधा नेहमीप्रमाणे सर्वांत आधी तयार होऊन बसली होती. पायांना पॅड बांधलेले, शिरस्त्राण मांडीवर. मैदानावर उतरायची हाक आली तेव्हा हेमांगी दारात उभी राहून म्हणाली, "सुगंधा, तू आज बाहेर बस. निहारिका खेळेल. तू दमली असशील."

खोलीत कोणी हलले नाही. सुगंधाने एकवार मॅडमकडे पाहिले. मग ती खाली वाकली आणि पॅडचे पट्टे सोडू लागली. एक पट्टा घट्ट बसला होता, निघेना. तिला मदत करायला कोणी पुढे झाले नाही. मुलींचे डोळे जमिनीवर होते आणि हेमांगी घड्याळात पाहत होती.

तो सामना संघ जिंकला. निहारिकेने दोन गोल असे अडवले की प्रतिपक्षानेही टाळ्या वाजवल्या, आणि अखेरीस आलेला पेनल्टी स्ट्रोक तिने झेप घेऊन बाहेर काढला. एका गोलाने विजय! ढोल वाजू लागला, गुलाल उडाला. शेटजींनी हेमांगीचा जयजयकार करवला आणि झेंडूचा एक भलामोठा हार वृद्ध गुरूंच्या गळ्यात घातला.

तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. गुरू काठी टेकत उठले. गर्दीतून वाट काढत ते मैदान ओलांडून पलीकडच्या रिकाम्या गोलापाशी गेले. गळ्यातला हार काढून तो त्यांनी गोलखांबाला अडकवला, क्षणभर हात जोडले आणि कोणाशी न बोलता फाटकातून बाहेर पडले.

"म्हातारपण," शेटजी हसून म्हणाले. लोकही हसले. हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या विजयाच्या दिवशी आपल्याच गुरूने असा अपशकुन करावा! ती त्यांच्याकडे गेली नाही. त्यांनीही बोलावले नाही.

सुगंधा बाकावरून उठून केव्हा गेली, हे कोणालाच सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आली नाही, त्यानंतरही नाही.

अंतिम सामना त्याच मैदानावर झाला. समोरचा संघ बलाढ्य खरा, पण ज्याच्याशी मागल्या वर्षी बरोबरी झाली होती तोच. पहिला गोल लवकर झाला. निहारिकेचा त्यात काही दोष नव्हता. चेंडू जाळीत पडला आणि तिथेच पडून राहिला. तो आणायला जायचे असते हे जणू कोणाला ठाऊकच नव्हते. अखेर पंचांनी तो आणवला. दुसऱ्या गोलाआधी बचावातली एक मुलगी चुकली. चुकताक्षणी तिने चेंडूमागे धावायचे सोडून बाजूच्या बाकावरच्या हेमांगीकडे पाहिले. मग दुसरी चुकली, तिनेही बाकाकडेच पाहिले. निहारिका मागून कंठशोष करत होती, पण तिला अजून निम्म्या मुलींची नावेही नीट येत नव्हती, आणि कोणी वळून पाहत नव्हते. मधल्या मुली चेंडू आपल्याकडे येऊ नये अशा जागा शोधू लागल्या. सहा गोल झाले. आणखीही झाले असते; समोरचा संघच कंटाळला.

शेटजी मध्यंतरानंतरच निघून गेले होते. निहारिका डोळे पुसत हेमांगीला म्हणाली, "मॅडम, या मुली माझ्याशी बोलतच नाहीत हो."

मैदान रिकामे झाले. गुरू खुर्चीवरच बसून होते. हेमांगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या आवाजात दुःखापेक्षा राग अधिक होता.

"सर, त्या दिवशी तुम्ही गोलखांबाला हार घातलात. का?"

"माणूस गेल्यावर घालतात, म्हणून."

"कोण गेलं होतं? आम्ही जिंकलो होतो! सुगंधा असती तर तो स्ट्रोक अडला नसता. खोटं आहे का हे?"

"अगदी खरं आहे. सुगंधा असती तर तू हरली असतीस."

"मग माझं काय चुकलं?"

वृद्ध गुरूंनी काठी दोन्ही पायांत रोवली आणि तिच्या मुठीवर हात ठेवले. "हेमांगी, अकरा गोल झाले त्या दिवशी तुझ्या मुली चुकल्या की गोलाकडे बघत. सुगंधा काय म्हणते ते ऐकायला. चुकलं तरी चालेल, पाठीशी कोणी आहे, एवढ्या एका गोष्टीवर तुझा संघ वाढला. तुझी सुधारणा, सुधारणा म्हणतात ती हीच. तिला तू ज्या रीतीने उठवलंस ती रीत सगळ्या मुलींनी पाहिली. सगळ्यांत जास्त सोसणारीला जर दारात उभं राहून एका वाक्यात बाहेर काढता येतं, तर आपलं काय, हे त्यांना न सांगता कळलं. आज त्या खेळत नव्हत्या. आपापली जागा राखत होत्या. जागा राखणाऱ्या मुलींचा संघ होत नाही. तो त्या दिवशीच गेला होता. ढोलात कोणाला ऐकू आलं नाही, म्हणून मी हार घातला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" हेमांगी ओरडलीच.

"बोललो असतो, तर ऐकलं असतंस?"

हेमांगीने त्या दिवसाचा गुलाल आठवला, आपल्या नावाचा जयघोष आठवला. तिला खोटे बोलता आले नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. गुरूंनी तिच्या पाठीवर हातही ठेवला नाही.

त्याच आठवड्यात ती सुगंधाच्या खेड्यात गेली. गिरणीपुढे बायकांची रांग होती. सुगंधाची आई दळण घेत होती आणि सुगंधा गिरणीच्या पट्ट्याशी उभी होती. केस, भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. मॅडमना पाहून ती लगबगीने पुढे आली. आईने पोते झटकून बसायला टाकले. "बसा बाई. पोरगी लई नाव घ्यायची तुमचं."

घ्यायची. तो भूतकाळ हेमांगीला लागला.

सुगंधाने पाणी आणले, चहा आणला. मैत्रिणींची एकेकीचे नाव घेऊन चौकशी केली. सहा गोल झाल्याचे तिला कळले होते. शेवटी हेमांगीनेच विषय काढला.

"परत ये, सुगंधा. पुढच्या मोसमात तूच उभी राहशील. मी शब्द देते."

"नको मॅडम. आता नाही जमायचं. आईनं कॉलेजचंही पुरे म्हटलंय. मी पण हट्ट नाही केला."

"माझ्यावर रागावलीस?"

सुगंधाने जरा विचार केला. "राग नाही. निहारिका माझ्याहून चांगली आहे, ते मी तिचा पहिला सराव बघितला तेव्हाच ओळखलं होतं. मी वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून. आदल्या दिवशी नुसतं म्हणाला असतात ना, की सुगंधा, आपल्याला जिंकायचंय, तू जागा दे, तर मी तिला सगळ्यांची नावं पाठ करून दिली असती. कोण कुठं चुकतं, कुणाला कसं ओरडायचं, सगळं." तिने हातावरचे पीठ झटकले. "आणि मी पॅड बांधून बसले नसते."

तेवढ्यात आतून आईची हाक आली. "येते हं मॅडम," म्हणून ती उठली. जाताना तिने वाकून नमस्कार केला, अगदी रीतीप्रमाणे. हेमांगीला वाटले, तिने तो केला नसता तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी त्या महाविद्यालयाने हॉकीचा संघ उतरवला नाही. शेटजींनी व्यायामशाळा बांधून दिली. निहारिका शहरात परतली. हेमांगी दुसऱ्या गावी, दुसऱ्या मुलींना शिकवू लागली. तिचे संघ पुढे कधी जिंकले, कधी हरले. चांगली खेळाडू आली की ती जुनीला बसवतही असे. खेळात ते टळत नाही. मात्र ज्या मुलीला बसवायचे, तिच्या घरी ती आदल्या संध्याकाळी स्वतः जाई, समोर बसे आणि तिच्या डोळ्यांत पाहून सांगे. मुली रडत, भांडत, एखादी दारही लावून घेई. हेमांगी दाराबाहेर थांबून राही.

निर्णय कठोर असेल तर तो ज्याच्यावर पडायचा त्याच्यासमोर आधी आपण जाऊन बसावे, हे ती शिकली. ज्या मुलीपायी शिकली, तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.